कुणाकडे आलात?

घरी बेल वाजली की आपण स्वयंपाकघरातूनच ओरडतो, ‘कोण?’ बाहेरून उत्तर येतं, ‘मी!’ आणि आपण हात पुसत जाऊन दार उघडतो. या उत्तरात नाव नाही, गाव नाही, येण्याचं कारण नाही, फोटो तर नाहीच नाही. तरी दार उघडतं. माझी नोकरी अशी आहे की ‘मी’ म्हणणाऱ्या माणसाला दारातच थांबवायचं आणि या ‘मी’चा कागदोपत्री पुरावा मागायचा.

अंधेरी पूर्वेला, सीप्झमध्ये, दागिने घडवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या तळमजल्यावर मी बसते. नेमणूकपत्रावर पद आहे ‘व्हिजिटर मॅनेजमेंट एक्झिक्युटिव्ह’. सासूबाई सोसायटीत सांगतात, ‘कंपनीत फ्रंट ऑफिसला आहे.’ नवरा सांगतो, ‘गेटवर असते.’ तिन्ही एकत्र वाचलं की साधारण अंदाज येतो.

माझ्यासमोर काच आहे. काचेत बोलण्यासाठी एक गोल जाळी आणि कागद सरकवायला खाली एक फट. ज्याने ती जाळी बसवली त्याने बसलेल्या माणसाचं, म्हणजे माझं, माप व्यवस्थित घेतलं आणि उभ्या माणसाचं घ्यायला तो विसरला. त्यामुळे जाळी येणाऱ्याच्या पोटासमोर येते. प्रत्येक जण आधी माझ्याशी पोटाने बोलतो, मग काही ऐकू जात नाही हे कळल्यावर कमरेत वाकतो. अँटवर्पहून आलेला हिऱ्यांचा व्यापारी वाकतो, बँकेचा ऑडिटर वाकतो, एसीत गॅस भरायला आलेला पोरगा वाकतो. दोन वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून माइक बसवला. तो माझा आवाज बाहेर नेतो, बाहेरचा आत आणत नाही. म्हणजे माणसं अजून वाकतातच, वर आता मी काय विचारतेय ते लिफ्टपर्यंत ऐकू जातं. अकरा वर्षांत इतकी माणसं माझ्यासमोर वाकली आहेत की घरी कुणी ताठ उभं राहून बोललं तर मला ते उद्धटपणाचं वाटतं.

आता सीप्झबद्दल. आगरकर चौकात ‘सीप्झ, सीप्झ’ ओरडणाऱ्या रिक्षावाल्याला त्याचा अर्थ विचारलात तर तो म्हणेल, ‘बसायचंय की नाही?’ सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. कांडल्याला १९६५ साली देशातला असा पहिला झोन झाला, त्यानंतर १९७३ साली हा. नावात सांताक्रूझ आहे, जागा अंधेरीत आहे. नावात इलेक्ट्रॉनिक्स आहे, पण १९८०च्या दशकाच्या अखेरीस आत दागिन्यांना परवानगी मिळाली आणि त्यांनी असं बस्तान मांडलं की आज सीप्झ म्हटलं की आधी हिरेजडित अंगठीच आठवते. साताऱ्याचा एक मुलगा मुलाखतीला आला होता. पूर्ण नाव वाचून तो सरळ सांताक्रूझ स्टेशनला उतरला आणि दीड तास तिथे झोन शोधत फिरला. घामाघूम होऊन माझ्या खिडकीशी आला, वाकला, आणि मी त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘पत्त्याचा पुरावा?’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेली नाही. ज्या जागेला स्वतःचा पत्ता धड सांगता येत नाही तिथे बसून मी लोकांचे पत्ते तपासते.

पुढची गंमत कायद्याची आहे. नोव्हेंबर २००० मध्ये सीप्झ विशेष आर्थिक क्षेत्र झालं. २००५च्या कायद्याप्रमाणे अशा क्षेत्राच्या आतली जमीन ठरावीक व्यवहारांपुरती भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरची समजतात. म्हणजे आतून माल बाहेर अंधेरीत आणला तर ती आयात. मी घाटकोपरला मेट्रोत बसते, मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो पकडते, दोन स्टेशनांनी सीप्झला उतरते (ही सोय ७ ऑक्टोबर २०२४ पासूनची, त्याआधी शेअर रिक्षात चौथी सीट) आणि साडेनऊच्या सुमारास, कस्टम्सच्या हिशेबाने, देशाबाहेर पडते. डब्यात पोळी आणि दोडक्याची भाजी. संध्याकाळी सहाला मायदेशी परत. हे एकदा मी सासूबाईंना कौतुकाने समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग येताना कोथिंबीर तिकडूनच आण.’

मुख्य प्रवेशद्वारावरची तपासणी झोनची. ती ओलांडून माणूस आमच्या इमारतीत आला की माझी सुरू होते, म्हणजे तो माझ्यापर्यंत येईस्तोवर एकदा वैतागून झालेला असतो. मराठी माणसाकडे अशा वेळी दोन गोष्टी असतात : ओळख आणि ओळखपत्र. पहिली भरपूर असते, दुसरं घरी राहिलेलं असतं.

‘ओळखपत्र?’

‘अहो, साहेब ओळखतात मला.’

‘हो, पण ओळखपत्र?’

‘साहेबांच्या लग्नात मी वाढायला होतो!’

आता लग्नात वाढायला असणं ही साधी गोष्ट नव्हे. जिलबीचं ताट हातात देऊन ज्याला पंगतीत सोडलं, तो घरचाच. पण माझ्या संगणकात आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना आणि मतदार कार्ड एवढेच पर्याय आहेत. शेवटी एक ‘इतर’ आहे. त्यात ‘वाढपी’ टाकावं असं माझ्या मनात बरेचदा आलं.

काही जणांना साहेबसुद्धा लागत नाहीत, ते तिथल्या तिथे नवी ओळख तयार करतात. ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ मी बेसावधपणे म्हणते, ‘संगमेश्वर.’ ‘संगमेश्वर! अहो, माझी मावशी कसब्याची!’ मग कसब्यातलं मावशीचं घर, घरामागचा फणस, फणसावरून झालेला कोर्टकज्जा. तीन मिनिटांत आम्ही जवळजवळ नात्यात येतो. मग तो माणूस काचेवर हलकेच बोट वाजवून म्हणतो, ‘झाली ना आता आपली ओळख? मग सोडा की.’

ज्यांच्याकडे कार्ड असतं, त्यांच्या बाबतीत फोटोचा प्रश्न. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. तेव्हापासूनच्या कार्डांतले चेहरे मी रोज बघते आणि आजवर एकही हसरा सापडलेला नाही. सगळे नुकतंच काहीतरी हरवल्यासारखे. बऱ्याच जणांचं त्यानंतर खरोखरच हरवलेलं असतं : फोटोत केस असतात, समोर नसतात. ‘हे तुम्हीच ना?’ असं विचारणं नियमात आहे. तो प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, डोळ्यांच्या वर अजिबात बघायचं नाही, हे नियमात नाही, पण असायला हवं.

नावाचा रकाना हा तर रोजचा तमाशा. संगणक ज्याने बनवला त्याच्या लेखी माणसाला दोनच नावं असतात, पहिलं आणि शेवटचं. आपल्याकडे मधे वडील असतात. ‘नाव?’ ‘पाटील.’ ‘पूर्ण नाव सांगा.’ ‘पाटील साहेब.’ त्यात भेटायचं असतं तेही पाटलांनाच, आणि इमारतीत पाटील चार. एकदा एका पाटलांना मी चुकीच्या पाटलांकडे पाठवलं. दोघांचा चहा झाला, वीस मिनिटं गप्पा झाल्या, एकमेकांच्या तालुक्यांची चौकशी झाली, आणि उठताना लक्षात आलं की एकाला पॉलिशिंगचं यंत्र विकायचं होतं आणि दुसरा लेखा विभागात होता. दोघांपैकी एकानेही तक्रार केली नाही. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव लागेल : आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तमच आहे. पण आमच्या बॅजवर अठरा अक्षरं मावतात. ही मंडळी सध्या रांगतायत, माझ्या खिडकीशी यायला त्यांना अजून अठरा-वीस वर्षं आहेत. तोवर बॅज रुंद करून घ्या असं मी वर लिहून कळवलेलं आहे.

सर्व्हर बसला की आम्ही लांबडं रजिस्टर काढतो. नाव, कुठून आलात, कुणाकडे, कारण, इन, आऊट, सही. ‘कारण’ या रकान्यात माणसाची प्रतिभा पहिल्या दोन नोंदींतच संपते. पहिला लिहितो ‘मीटिंग’, बाकीचे खाली दोन तिरक्या रेघा मारून डिट्टो करतात. एका सोमवारी सर्व्हर बंद होता आणि सकाळी पहिला माणूस आला तो कॅन्टीनमध्ये फवारणी करायला. प्रामाणिक माणूस. त्याने कारण लिहिलं, ‘झुरळं’. त्याच्यामागून तीन चार्टर्ड अकाउंटंट आले, घाईत होते, डिट्टो. मग विमा कंपनीचे दोन अधिकारी, डिट्टो. एक परदेशी ग्राहक, त्याला मराठी येत नव्हतं, त्याने वरच्यांचं बघून मोठ्या झोकात डिट्टो मारलं. महिनाअखेरीला ते पान तपासनिसासमोर गेलं. तो बराच वेळ वाचत राहिला आणि मग म्हणाला, ‘सगळ्यांना मिळून तरी आटोपली का?’

आमच्याकडे माणसापेक्षा वस्तूंवर जास्त लक्ष असतं. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद, आणि बाहेर जाताना तिच्यावर गेट पास. हा पास दोन जातींचा : परत येणारी वस्तू असेल तर रिटर्नेबल, नसेल तर नॉन-रिटर्नेबल. प्लंबरचा पाना रिटर्नेबल. साहेबांच्या वाढदिवसाचा केक नॉन-रिटर्नेबल, पण केक कापायची सुरी रिटर्नेबल. हे सगळं बघायला माझ्या शेजारी मेजर उभे असतात. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, कारखान्याने प्रेमाने बढती देऊन त्यांना मेजर केलं. बाहेरच्यांशी बोलताना मात्र मी त्यांचा खरा हुद्दाच सांगते. त्यामुळे एकदा काय अनर्थ झाला ते पुढे येतंच.

सोन्याची गोष्ट तर फारच नाजूक. आत काम करणाऱ्याच्या बोटांना, एप्रनला, चपलेला सोन्याचा कीस चिकटतो. म्हणून दागिन्यांच्या कारखान्यात जमीन झाडलेला केरही फेकत नाहीत आणि हात धुतलेलं पाणीही थेट गटारात सोडत नाहीत. ते टाकीत साठवतात, गाळतात, राहिलेला गाळ भट्टीत घालून त्यातून सोनं काढतात. आपल्याकडे सराफकट्ट्यावर झारेकरी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले, सोनाराच्या दुकानासमोरची धूळ विकत घेऊन ती पाण्यात धुवायची आणि तळाशी काय चकाकतं ते बघायचं. आता जिथे केरालासुद्धा हिशेब आहे, तिथे गळ्यात चार तोळे घालून आलेल्या बाईला बाहेर जाताना ‘हे तुमचंच कशावरून?’ असं कुणी विचारलं तर पंचाईत. म्हणून आमच्या इमारतीत नियम आहे : येतानाच अंगावरचं सोनं सांगायचं, ते मी लिहायचं.

कुटुंबीयांना कारखाना दाखवायचा दिवस होता. दोन जावा आल्या. थोरलीने वाकून जाळीतून खणखणीत आवाजात सांगितलं, ‘मंगळसूत्र चार तोळे, पाटल्या अडीच.’ मी लिहिलं. धाकटी वाकली, तोंड जाळीला लावलं आणि ओठ न हलवता म्हणाली, ‘बेंटेक्स.’ मला नीट ऐकू आलं नाही. मी सवयीने माइकचं बटण दाबलं आणि विचारलं, ‘बेंटेक्स म्हणालात ना?’ लिफ्टपाशी उभी असलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. थोरलीचा चेहरा फुलला. धाकटीने माझ्याकडे असं बघितलं की त्या दिवसापासून मी बेंटेक्ससाठी ‘पिवळा धातू, इतर’ असा शब्द वापरते. हळू आवाजात.

आणि ते आजोबा. ‘अंगावर सोनं काही?’ म्हणून विचारलं तर त्यांनी ‘आ’ केला. आत, मागच्या बाजूला, दाढ. ‘वजन?’ मी विचारलं, कारण रकाना होता. आजोबा तसेच ‘आ’ करून उभे, बोलणार कसे? मेजर पुढे झाले, वाकून नीट पाहणी केली आणि म्हणाले, ‘मॅडम, रिटर्नेबल लिहा.’

फोन आत चालत नाहीत. ते माझ्याकडे ठेवायचे, टोकन घ्यायचं. माझ्या मागे छोट्या खणांचं कपाट आहे आणि त्यात दिवसभर चाळीसेक फोन एकमेकांशी भांडत असतात. एकात आरती, एकात लावणी, एकात लहान मूल ‘पप्पा फोन उचला’ म्हणून रडतं, आणि पप्पा दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही असा नियम आहे. तो मी एकदाच मोडला. सतरा नंबरच्या खणात ‘आई’ चौदाव्यांदा वाजत होती. माझ्यातली कुणाची तरी मुलगी जागी झाली. मी फोन घेतला.

‘हॅलो, ते आत आहेत. बाहेर आले की फोन करतील.’

पलीकडे शांतता. मग, ‘आत? कधी नेलं?’

‘सकाळी साडेदहाला.’

‘कुणी नेलं?’

‘आमचे हवालदार घेऊन गेले.’

‘अगं बाई! एकटाच आहे का तो?’

‘हो, पण काळजी करू नका. काही त्रास नाही त्यांना. फक्त फोन आणि बॅग काढून घेतलीय.’

‘सोडणार कधी?’

‘ते आता साहेबांवर आहे.’

माउलीने फोन ठेवला. मला वाटलं, चला, एका आईचा जीव भांड्यात पडला. दुपारी तीनला तो मुलगा हसतमुखाने खाली आला, टोकन दिलं, त्याचं कंत्राट झालं होतं. पाठोपाठ मुख्य प्रवेशद्वारावरून निरोप आला की डोंबिवलीहून दोन मामा, एक ओळखीचे वकील आणि एक माजी नगरसेवकाचा माणूस आलेत, ‘आमची वरपर्यंत ओळख आहे’ म्हणतायत. ओळखपत्र चौघांपैकी एकाकडेही नव्हतं.

हा धंदा नवा आहे असं कुणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात माझ्या पदाचा अधिकारी आहे, त्याचं नाव मुद्राध्यक्ष. त्याने एक माषक घेऊन मुद्रा द्यायची, म्हणजे पास. मुद्रा असेल त्याने यावं-जावं, नसताना आला-गेला तर बारा पण दंड, आणि खोटी मुद्रा दाखवली तर शिक्षा आणखी मोठी. मी पास फुकट देते आणि वर पाणीही विचारते, तरी लोक कुरकुरतात. मुद्राध्यक्षासमोर कुणी ‘सम्राटांच्या लग्नात मी वाढायला होतो’ म्हटलं असेल का, हे मात्र कौटिल्याने लिहिलेलं नाही.

हिरकणीची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, दूध घालायला गडावर गेलेली गवळण आत अडकली, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं, तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. लहानपणी माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. आता या खुर्चीवर बसून ती गोष्ट आठवली की मला दिसतो तो पहारेकरी. त्याच्या हिशेबात बाईची इन एंट्री आहे, आऊट नाही. रात्रभर तो तिला गडावर धरून चाललाय. आणि सकाळी दरवाजा उघडतो तर तीच बाई बाहेरून, दुधाची चरवी घेऊन, ‘कशी काय?’ म्हणून हजर. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे एकाही पाठ्यपुस्तकात नाही.

आऊटचा रकाना हेच आमचं कायमचं दुखणं. येताना माणूस वाकतो, थांबतो, लिहितो. जाताना त्याला रिक्षा दिसलेली असते. कपाटात वरच्या फळीवर २००५चं जुनं रजिस्टर आहे, माझ्या आधीच्या बाईंच्या हातचं. २६ जुलैचं पान उघडलं तर इनच्या वेळा सगळ्या व्यवस्थित, आणि आऊटच्या रकान्यात कुठे २७ तारीख, कुठे २८. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. खऱ्या सांताक्रूझला, आमच्या नावातल्या नव्हे. अर्ध्या तासाच्या कामाला आलेली माणसं एक-दोन रात्री आत राहिली. एका कुरिअरवाल्याच्या ओळीत, ‘कारण’ या रकान्यात ‘पाकीट देणे’ असं लिहून पुढे बाईंनी वेगळ्या शाईने जोडलंय : ‘व खिचडी.’

मंत्रालयात चेहरा ओळखणारी यंत्रं बसल्यापासून आमच्याकडेही तशी चर्चा निघाली आहे. यंत्र येईल, मला वाईट वाटणार नाही. पण मावशीच्या फणसाची गोष्ट त्याला कोण सांगणार, आणि ते ऐकून ‘बरं, थांबा, मी वर विचारून बघते’ असं ते म्हणेल का, एवढी शंका आहे.

मे महिन्यातला एक रविवार. एरवी सुटी असते, पण मालाची मोजदाद होती म्हणून मला बोलावलं होतं. दुपारी आत काही काम नव्हतं म्हणून बाहेर आले तर रस्त्याने ठेवणीतल्या कपड्यांतली माणसं चाललेली. लाल चौकड्यांची लुगडी, फुलं, टोप्या, कडेवर पोरं. सीप्झच्या आत झाडीत एक पडकं चर्च आहे, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, १५७९ सालचं. १८४०च्या सुमाराला साथ आली, गाव उठून मरोळला गेला, तिथे नवं चर्च झालं, जुनं ओस पडलं. पुढे भोवती झोन आला आणि चर्च कुंपणाच्या आत राहिलं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासचे ईस्ट इंडियन इथे प्रार्थनेला येतात. तपासणी होऊन, रांगेने. या लोकांच्या नावाचाही किस्साच आहे. राहतात पश्चिम किनाऱ्यावर, नाव ईस्ट इंडियन. नोकऱ्यांसाठी गोव्या-मंगळुराकडून इतर ख्रिस्ती मुंबईत आले, तेव्हा आपण मूळचे इथलेच हे साहेबाला कळावं म्हणून यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं नाव घेतलं आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने, ते रीतसर लावलं. घरच्याच दारात दाखवायला काढलेलं ओळखपत्र म्हणा.

एक म्हातारी घोळक्यातून मागे राहून आमच्या इमारतीच्या पायरीवर टेकली. गुडघे धरले होते. मी पाणी दिलं. आणि पाणी देता देता तोंडातून गेलंच, अकरा वर्षांची सवय : ‘कुणाकडे आलात?’

तिने पेला खाली ठेवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘हा आमचाच गाव गो. तू कुणाची?’

मी सांगायला लागले. माहेर संगमेश्वर, वडील एसटीत कंडक्टर, सासर घाटकोपर, भटवाडी, दीर पोस्टात, मुलगी दहावीला, तिचं गणित कच्चं. तिने मधेच आजोळ विचारलं, तेही सांगितलं. सोनं किती ते मात्र तिने विचारलं नाही. सगळं ऐकून तिने मान हलवली, म्हणजे मला प्रवेश मिळाला, आणि पिशवीतला डबा उघडून ओंजळभर फुगे माझ्या रुमालात घातले. फुगे म्हणजे मैद्याचं पीठ आंबवून तळलेले गोल, पोकळ, गोडूस गोळे. अजून गरम होते.

संध्याकाळी निघताना मेजरांनी नेहमीप्रमाणे पिशवी उघडायला लावली.

‘हे काय, मॅडम?’

‘फुगे.’

‘सकाळी एंट्रीत नाहीत.’

‘आत मिळाले.’

मेजर गंभीर झाले. आतली वस्तू बाहेर चालली होती. त्यांनी गेट पासाचं पुस्तक ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, ‘रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?’

माझ्या तोंडात एक होता, त्यामुळे उत्तर देता येईना. मी रुमाल त्यांच्यापुढे धरला. मेजरांनी इकडेतिकडे बघून एक उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि भरल्या तोंडाने पासावर लिहिलं, ‘नॉन-रिटर्नेबल. नग अकरा.’ मग खोडून दहा केलं.